रंगीत फिल्मचे तीन चष्मे

गेल्या हिवाळ्यात इथल्या विद्यापीठातल्या आकाशनिरीक्षण मंडळाची तीन मुलं माझ्या घरी आली. मंडळाचा जुना इतिहास लिहायचाय म्हणाली. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, गावाबाहेर माळावर नुसतं एक पदव्युत्तर केंद्र होतं, त्या वेळीही तिथं असं एक मंडळ होतं आणि त्यात दोन मुली होत्या, एवढं त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी त्यांना पुष्कळ सांगितलं. दुर्बिणीची नळी आम्ही पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून कशी करून घेतली, ती एसटीच्या टपावर टाकून कुंभारी गावच्या शाळेत कशी नेली, तिथल्या गुरुजींनी चंद्रावरचे खड्डे बघून "ह्यात पाणी साठत असंल की" असं कसं विचारलं. मुलं हसली, मोबाइलमध्ये सगळं भरून घेतलं. जाता जाता त्यातली मुलगी म्हणाली, "मग मंडळ बंद का पडलं हो आजी?" मी म्हटलं, "पोरं पास होऊन गेली, पडलं बंद." चपला घालून ती गेली आणि मी दार लावून तिथंच उभी राहिले. या वयातही तोंडातून खोटंच आलं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरी ग्रहण म्हणजे मोठं काम असे. अण्णा कोर्टात कारकून होते, घड्याळ लावून जगणारे. ग्रहणाचा वेध कधी लागतो, स्पर्श कधी, मोक्ष कधी, हे पंचांगात बघून ते आदल्या दिवशी पाटीवर खडूनं लिहून ठेवत. आई लोणच्याच्या बरणीवर, दुधाच्या पातेल्यावर, अगदी शेंगाच्या चटणीच्या डब्यावरसुद्धा दर्भाची काडी ठेवायची. स्वयंपाक वेधाआधी उरकायचा, उरलं तर गाईला. मग दारं-खिडक्या लावून सगळ्यांनी आतल्या खोलीत बसायचं. त्या खोलीत शेंगदाण्याचा आणि उन्हाळी पापडांचा वास भरून राहिलेला असे. लहानपणी मला ते आवडायचं. अंधारात आई स्तोत्र म्हणायची, अण्णा मधूनच "आता अर्धा झाला" असं न बघता सांगायचे, आणि ग्रहण सुटलं की बंब पेटायचा, एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या. एमएस्सीला भौतिकशास्त्र घेतल्यावर मात्र मी या सगळ्याला हसायला लागले. आई चिडली नाही. एवढंच म्हणाली, "तुला बाहेर जायचं तर जा बाई. पण दुसऱ्यांची माणसं कशाला बाहेर काढतेस?"

दुसऱ्यांची माणसं बाहेर काढणं हेच तर आमच्या मंडळाचं काम होतं. मंडळ काढलं बिराजदार सरांनी. सर अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, वर्गात इतकं सावकाश शिकवत की पोरं कंटाळत. पण दुर्बिणीपाशी उभे राहिले की त्यांचा आवाज बदलायचा. रोज दुपारच्या सुट्टीत आम्ही गच्चीवर दुर्बीण लावून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायचो आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं टिपायचो. सूर्याकडे थेट कुणी बघायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की जे दिसलं नाही ते काढायचं नाही. ढग असले तर कागदावर 'ढग' एवढंच लिहायचं. हे काम मुख्यतः माझ्याकडे आणि पद्माकडे होतं. पद्मा तेलुगू, पूर्व भागात राहणारी. तिच्या गल्लीत घरोघरी माग. सकाळी खटाखट सुरू झाला की गल्लीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. पद्माचाही आवाज त्यामुळे मोठा होता. तिचं गणित माझ्याहून चांगलं होतं. सर म्हणायचे, "ही पुढं संशोधन करणार बघा." माझ्याबद्दल ते म्हणायचे, "शैलाचं अक्षर छान आहे." मला ते लागायचं. आज सांगायला लाज वाटते, पण लागायचं.

पद्माचे वडील, ज्यांना ती आणि मग मीही बापू म्हणत असू, चादरींची डिझाइनं करायचे. चादरीवरचा मोर किंवा वेल आधी आलेखाच्या कागदावर काढायचा, बारीक बारीक चौकोन रंगवून, आणि मग त्या चौकोनांच्या हिशेबानं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्या मागावर चढवल्या की मोर आपोआप विणला जातो. एक चौकोन, त्यांच्या भाषेत एक घर, चुकला तर मोराची मान वाकडी. बापू लहानपणापासून अधू असलेला डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्यानं कागदाच्या अगदी जवळ जाऊन काम करत. गल्लीतले तरुण कारागीर त्यांच्याकडे अडलेली डिझाइनं घेऊन येत. मी गेले की पद्माची अम्मा भात आणि चिंचेचा आंबट पुलुसू वाढायची, सोबत ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बापू माझ्याशी मराठीतच बोलत, त्यांच्या पद्धतीच्या मराठीत. सूर्याच्या डागांचे आमचे कागद एकदा मी त्यांना दाखवले. त्यांनी एकेक कागद उजेडात धरून पाहिला. "सूर्याला पण डाग हाय?" म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासाठी एका जाड कागदावर वर्तुळ आखून त्यात इतके नेटके चौकोन काढून दिले की सरांनी तोच कागद कायमचा वापरायला घेतला.

सूर्यग्रहण येणार हे आम्हाला वर्षभर आधी माहीत होतं. सोलापुरातून खग्रास दिसणार नव्हतं, पण सूर्याचा मोठा भाग झाकला जाणार होता, दुपारच्या वेळी. सरांनी ठरवलं, की लोकांना घरात बसू द्यायचं नाही. पण डोळ्यांना इजा होता कामा नये. त्यासाठी पूर्ण काळी केलेली जुनी कृष्णधवल फिल्म, दोन थर एकावर एक, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायची. प्रत्येक चष्मा दिव्यासमोर धरून तपासायचा. पेटलेल्या तारेशिवाय काही दिसता कामा नये. मग चौकटीच्या कोपऱ्यात तपासणाऱ्यानं सही करायची. "आणि रंगीत फिल्म कुणी वापरायची नाही," सर दोनदा म्हणाले. "दिसायला काळी दिसते, पण त्यात चांदी नसते. उष्णता आरपार जाते. डोळा भाजतो आणि दुखतही नाही." पन्नास चष्मे पद्मानं करायचे, पन्नास मी.

ग्रहणाच्या आदल्या दिवशी बैठकीत पद्मानं आपले पन्नास मोजून ठेवले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे सत्तेचाळीस झाले होते; फिल्मच्या एका पट्टीवर माझ्याच हातून ओरखडे पडले होते म्हणून ती टाकून दिली होती. मी म्हटलं, "झाले सर, घरी आहेत." संध्याकाळी आणखी फिल्म मागायला फोटो स्टुडिओत गेले तर मालक दुकान बंद करून गावी गेलेला. दादाच्या लग्नात रंगीत फोटो काढले होते, तेव्हा ते नवलाचं होतं, आणि त्या निगेटिव्हची उजेड लागून काळी झालेली शेवटची टोकं कपाटात होती. मी ती कापली, दुमडून चौकटीत बसवली. दिव्यासमोर धरली तेव्हा तार दिसली आणि तारेभोवती तांबूस झाक दिसली. ती मी पाहिली. तरी तिन्ही चष्म्यांवर सही केली, 'शै.', छान अक्षरात. मनाशी म्हटलं, हे पिशवीच्या तळाशी ठेवू, कुणाला द्यायचेच नाहीत. फक्त मोजणी पुरी होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्व भागात गेलो तेव्हा माग बंद होते. त्या गल्लीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली. दारं लावलेली, फटीतून डोळे दिसत होते. सर मध्ये उभे राहून कानडी, मराठी, मोडकी तेलुगू, जे येईल त्या भाषेत सगळ्यांना बोलावत होते. आमच्या मंडळाची मुलं, शेजारच्या गल्लीतली चार धीट पोरं, इतकेच लोक होते. पद्मा म्हणाली, "बापू आले तर सगळे येतील." पण बापू उंबऱ्याच्या आत उभे होते आणि मागे अम्मा त्यांचा सदरा धरून तेलुगूत काही तरी रागानं बोलत होती. पद्मानं समजावलं, ते हलेनात. मग मी पुढं गेले.

"बापू, माझ्यावर विश्वास नाही का?"

ते हसले. "तुझ्यावर हाय की. सूर्यावर नाय."

"सूर्याचं मी बघते. तुम्ही या."

ते आले. अम्मा आतच राहिली. पण बापू गल्लीत उतरले आणि खरोखरच एकेक दार उघडायला लागलं. बायका पदर डोक्यावर घेऊन आल्या, कारागीर आले, म्हातारे आले. चष्म्यांसाठी हात पुढे यायला लागले. मी आणि पद्मा दोन्ही पिशव्यांतून देत सुटलो. मी इतकी आनंदात होते की कुणाला काय देते आहे याचं भान नव्हतं, असं पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. बापूंनी स्वतःच्या हातातला चष्मा शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला आणि माझ्यापुढं हात केला, तेव्हा पिशवीत तेच तीन उरले होते. माझा हात पिशवीत थांबला. सगळी गल्ली बघत होती, सर बघत होते. त्या क्षणी 'संपले' एवढा एक शब्द पुरला असता. कुणीही त्यांना आपला चष्मा दिला असता. पण पन्नास होते ना, असं सरांनी विचारलं असतं. मी एक चष्मा काढून बापूंच्या हातात दिला. म्हटलं, "थोडाच वेळ बघा हं."

बापूंना थोडा वेळ बघणं माहीत नव्हतं. त्यांनी सवयीनं डावा डोळा मिटला. सूर्याची कड कशी कापली जाते आहे, हे ते एखाद्या वेलाची कड बघावी तसे बघत राहिले. "बघ बघ, एक घर गेलं," ते मोठ्यानं म्हणत होते, "आता आणखी एक." उजेड पितळेसारखा झाला, कावळे ओरडत सुटले, बायकांनी हात जोडले. मी दोनदा म्हटलं, "बापू, पुरे." मी त्यांच्या हातातून चष्मा काढून घेऊ शकले असते. त्यांनी तो खाली केला तेव्हा सूर्य बराचसा मोकळा झाला होता. डोळे पुसत ते म्हणाले, "असं डिझाइन माणसाला जमणार नाय." गल्लीत सगळे हसले. सरांनी त्यांना मिठी मारली. मी बापूंकडून चष्मा परत घेतला आणि घरी गेल्यावर आंघोळीसाठी पेटवलेल्या बंबात तिन्ही चष्मे टाकले. घरभर घाण वास सुटला. आई म्हणाली, "काय जाळलंस गं?" मी म्हटलं, "कचरा."

दोन दिवसांनी पद्मा केंद्रावर आली ती सरळ सरांच्या खोलीत गेली. बापूंना आलेखावरचे चौकोन दिसत नव्हते. जिथं बघावं नेमका तिथंच राखाडी ठिपका, कडेचं सगळं स्वच्छ. सर त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजलंय, थोडं भरून येईल, सगळं नाही. गल्लीला कारण कळायला डॉक्टरांची गरज नव्हती. ग्रहण बघितलं, देवानं डोळा घेतला. जी दारं त्या दुपारी उघडली होती ती आता आम्हाला बघून बंद व्हायची.

सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर गोळा केलेले सगळे चष्मे मांडले होते आणि ते एकेक दिव्यासमोर धरून बघत होते. त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"शैला, तीन कमी आहेत."

"गर्दीत गेले असतील सर."

"बापूंचा कुठला होता?"

"आठवत नाही."

"तपासला होतास ना? सही होती ना त्याच्यावर?"

"हो सर, सही होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं. पण त्यांनी मान खाली घातली. "मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "दोन थर पुरत नसणार. मी तीन सांगायला पाहिजे होते." पद्मा दारात उभी होती. तिनंही ते ऐकलं.

महिन्याभरात सरांनी मंडळ बंद केलं. दुर्बीण पेटीत गेली. पद्माचं नाव वर्गात पुकारलं जायचं आणि कुणी 'हजर' म्हणत नव्हतं. अम्मानं तिला घरी बसवलं होतं. ज्या शाळेनं नवऱ्याचा डोळा घेतला तिथं पोरगी पाठवायची नाही म्हणाली. घरात डिझाइनं करायलाही कुणी तरी हवं होतंच. मी एकदा तिच्याकडे गेले. ती बापूंच्या जागी बसून चौकोन रंगवत होती आणि बापू शेजारी बसून बोटानं चाचपून पट्ट्या रचत होते. अम्मानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. बापूंनी मात्र विचारलं, "अभ्यास करालीस ना?" मी परीक्षेत पहिली आले. पद्मा असती तर आले नसते.

पुढं बार्शीला कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. प्रयोगवहीत खोटे आकडे लिहिणाऱ्या मुलांना मी इतकी कडक बोलायची की मुलं मला घाबरत. पंधरा वर्षं गेली आणि पुन्हा एक सूर्यग्रहण आलं. प्राचार्यांनी कार्यक्रम माझ्यावर सोपवला. काय करावं म्हणून मी सरांना पत्र लिहिलं. ते निवृत्त होऊन अक्कलकोटला राहत होते. चार दिवसांत पोस्टकार्ड आलं. दोन ओळी होत्या. 'मुलांना घरातच ठेव. माझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला आहे, हे तुला माहीत आहे.' ते कार्ड वाचल्यावर मला जेवण जाईना. रविवारी पहिल्या गाडीनं मी अक्कलकोटला गेले.

सरांच्या बायकोनं "बर्री, बर्री" म्हणत आत घेतलं. मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्याच. सर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वही काढली. "रंगीत निगेटिव्ह? किती थर? किती वेळ बघितलं त्यांनी?" मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मग वही मिटून त्यांनी तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे दोन थर बरोबर होते." मग त्यांनी विचारलं, "पद्माला सांगितलंस?"

"नाही सर."

त्यांनी टोपी घातली. "चल."

"आज?"

"आजच. उद्या तुला धीर होणार नाही."

गाडीत ते माझ्याशेजारी बसले नाहीत, पुढच्या बाकावर बसले. पद्माच्या गल्लीत माग चालू होते. बापू ओट्यावर बसले होते, केस पूर्ण पांढरे, गळ्यात पूर्वी कधी न पाहिलेली कसली तरी माळ. आवाजावरून त्यांनी सरांना ओळखलं आणि मग मला. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मागांच्या खडखडाटात हळू बोलता येत नाही. मला ते ओरडूनच सांगावं लागलं. शेजारची माणसं आपापल्या ओट्यावर आली. कुणी तरी माग थांबवला, मग दुसरा थांबला. चष्मा वाईट होता, मला माहीत होतं, मी मुद्दाम गप्प राहिले, सरांची चूक नव्हती, ग्रहणाचीही नव्हती. बापू मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं माझा चेहरा बघत ऐकत होते.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "देव रागावला नव्हता?"

"नाही बापू."

"मी दर ग्रहणाला उपास धरतो. पाण्यात उभा राहतो. त्याला म्हणतो, चूक झाली, पुन्हा बघणार नाय." ते थोडं हसल्यासारखं करून थांबले. "आता सांग, तो काय म्हणत असंल? हा म्हातारा कशाची माफी मागालालाय?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. का ठेवला, मला आजही कळलेलं नाही. दारातून आतल्या भिंतीवरचा अम्माचा हार घातलेला फोटो दिसला, ती आता नव्हती हे मला तेव्हा कळलं. पद्मा दारात येऊन उभी राहिली होती. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला रंग लागलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सरांची चूक आहे असं मला त्या दिवशी वाटलं," ती म्हणाली. तिचा आवाज मोठाच होता, पण त्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "मी घरी येऊन अम्माला सांगितलं, सरांनाच नीट माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, त्यांनाच माहीत नाही तर तू काय शिकणार? मी वह्या बांधून ठेवल्या. तू त्या आठवड्यात बोलली असतीस शैला, तर मी परीक्षा दिली असती."

पद्मानं बापूंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, जेवायची वेळ झाली म्हणाली, आणि सरांना म्हणाली, "सर, तुम्ही पण चला आत, भात तयार आहे." सरांनी चपला काढल्या. मला कुणी जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. मी थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले. मग शेजारचा माग सुरू झाला, मागोमाग दुसरा, आणि मी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.